तुम्ही विचारलंत म्हणून: पोरासमोर पैशाचं कशाला बोलता?

घरी येणारे पाहुणे हमखास विचारतात, "पगार, कर्ज, हप्ते, हे सगळं पोरासमोर कशाला बोलता हो? अकरावीतलं पोर ते!" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

माझे बाबा लालबागच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडलेले. चाळीत सगळ्यांचीच ओढाताण, त्यामुळे लाजण्यासारखं काही नव्हतं. तरी बाबा घरात पैशाबद्दल अवाक्षर काढत नसत. एकदा वाण्याने निरोप दिला, "आधीचं मिटवा म्हणावं." मी तो जसाच्या तसा पोचवला. बाबा म्हणाले, "तू अभ्यास कर." दोन-चार दिवसांत फळीवरचा पितळी हंडा दिसेनासा झाला. मग परात. मग आईच्या गळ्यात नुसती काळी पोत उरली. मी काही विचारलं नाही. उत्तर ठाऊकच होतं.

तो संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी जाहीर केलंच नाही. आमच्याकडेही 'नोकरी गेली' असं कुणी म्हणालं नाही. बाबा एका बिल्डिंगवर रात्रीचे वॉचमन म्हणून जायला लागले, एवढंच.

त्या पिढीचे बाप मारकुटे होते, म्हणून पोरं अशी धास्तावलेली झाली, असं म्हणतात. मला नाही पटत. मार मी कधीच विसरलो. पण आजही साहेबाने केबिनमध्ये बोलावलं की पोटात गोळा येतो. चाळीतल्या आमच्या मजल्यावरचा एकजण तर बदली नको म्हणून बढती नाकारत एकाच टेबलावर रिटायर होईल. दुसरा कुठेच टिकत नाही. मालकाने काढायच्या आत हाच राजीनामा देतो.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची 2012 ची सोडत होती, तिच्याआधी वारस म्हणून अर्ज भरायचा होता. बाबांचा गिरणीतला तिकीट नंबर, म्हणजे कामगार क्रमांक, शोधायला ट्रंक उघडली, तर हजेरी कार्डाखाली एक वही. वाणी, दूधवाला, संगमेश्वरचे मामा, कुणाचे किती, सगळं मांडलेलं. फेडले त्यांच्यापुढे बारीक खूण. माणूस पैन् पैचा हिशेब ठेवत होता. आम्हाला तेवढं सांगत नव्हता.

म्हणून मी आकडे बोलून दाखवतो. बायकोला हे मान्य नाही, "त्याला आत्तापासून कशाला घोर?" परवा चिरंजीव म्हणाले, "बाबा, लॅपटॉप दिवाळीनंतर बघू, विम्याचा हप्ता जाऊ दे आधी." बायकोने माझ्याकडे डोळे वटारले. मला मात्र बरं वाटलं.