आमची वाटचाल: ट्रॅक्टरच्या पंपापासून सुपरकारच्या टर्बोपर्यंत

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-पुलगाव पट्ट्यात आमचं इंजिनांचे डिझेल पंप आणि टर्बो दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि तेव्हापासून फोनवर एक प्रश्न वरचेवर येतो: "भाऊ, सुपरकारचं काम करता काय?" गाडीचं नाही, टर्बोचं करतो, आणि तेही सगळ्या टर्बोंचं नाही. हे 'सगळ्या नाही' कुठून आलं, ते कळायला आमची वाटचाल सांगावी लागते.

सुरुवात ट्रॅक्टरच्या इनलाइन पंपांपासून झाली. नोझल तपासणं, प्लंजर बदलणं, टेस्ट बेंचवर चारही सिलिंडरचं डिझेल सारखं करणं, एवढंच काम. त्या काळच्या बहुतेक ट्रॅक्टरांना टर्बो नव्हताच. मग पिकअप, जीप, टिप्पर, बोअरवेलच्या गाड्या, हार्वेस्टर असे एकेक करत टर्बोवाले आले. एप्रिल २०१७ मध्ये देशभर बीएस-४ (वाहनांच्या धुरावरचे नियम) आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर तर टर्बो नसलेलं नवं डिझेल वाहन शोधावं लागतं. कॉमन रेल इंजेक्टरचं, म्हणजे फार उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या नव्या इंजेक्टरचं काम आम्ही जाणूनबुजून घेतलं नाही. त्याला धूळमुक्त खोली लागते, आणि आमच्या रस्त्यावर मार्चपासून जी काळी माती उडते तिला दार-खिडकी कळत नाही. टर्बोची सहनशक्ती थोडी बरी, म्हणून तिकडे वळलो.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे, एका शाफ्टवरचे दोन पंखे. एक्झॉस्टच्या बाजूचा टर्बाइनचा, तो धुराच्या जोराने फिरतो आणि शाफ्टला वेल्ड केलेला असतो. हवेच्या बाजूचा कॉम्प्रेसरचा, अ‍ॅल्युमिनियमचा, तो नटाने आवळलेला. मधे तेलावर तरंगणारे दोन बुश, शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं एक थ्रस्ट बेअरिंग आणि दोन्ही टोकांना सील म्हणून बारीक लोखंडी रिंगा. कारचा छोटा टर्बो मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. ५० मिमी व्यासाचा पंखा या वेगाने फिरला तर पात्यांचं टोक सेकंदाला ५२० मीटरच्या वर जातं, म्हणजे आवाजापेक्षाही जोरात. आणि त्या पंख्यावर मध्यापासून २० मिमीवर फक्त ०.१ ग्रॅम वजन जास्त राहिलं, तर शाफ्टवर जवळजवळ ९० किलोचा ओढा बसतो, तोही दर फेरीला. बॅलन्सिंगशिवाय जोडलेला टर्बो चार दिवसांत शिट्टी का मारायला लागतो, ते या एका हिशेबात आलं.

म्हणून लेथनंतर आमची पहिली मोठी खरेदी बॅलन्सिंग मशीनची होती. त्यावर शाफ्ट आणि पंखा वेगवेगळे तपासतात. पण जोडल्यावर नट, कॉलर, पंखा मिळून पुन्हा थोडा फरक पडतोच. त्यासाठी दुसरं मशीन लागतं. त्यात पूर्ण कार्ट्रिज (बाहेरचं कवच सोडून पंखे, शाफ्ट, बुश यांचा जोडलेला गाभा) गरम तेलाचा दाब देऊन हवेच्या झोताने खऱ्या वेगाजवळ फिरवतात, थरथर मोजतात आणि नटाची कड किंचित घासून ती कमी करतात. हे मशीन घेणं परवडलं, चालवणं जड गेलं. गावठाण फीडरवर व्होल्टेज सायंकाळी इतकं पडतं की मोठा एअर कॉम्प्रेसर उचलतच नाही. शेवटी जनरेटर, स्टॅबिलायझर, हवेतलं पाणी काढणारा ड्रायर, असं बाकीचं लटांबर मशीनपेक्षा जास्त जागा खाऊन बसलं. खेड्यात असं काम सुरू करणाऱ्याने आधी विजेचा हिशेब करावा, मशीनचा नंतर.

आता ग्राहकाशी ज्यावरून रोज वाद होतो तो मुद्दा. "टर्बो गेला वाटते, नवाच टाकून द्या." टर्बो आपणहून क्वचितच जातो. त्याला कोणीतरी मारतं, आणि मारणारा गाडीतच राहिला तर नवाही जातो.

आमच्या भागातला पहिला मारेकरी धूळ. एअर फिल्टर नवा असतो, पण फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या रबरी पाइपाला खालून चीर असते किंवा क्लॅम्प सैल असतो. थ्रेशरजवळ उभ्या गाडीत सोयाबीनचं कुटार आणि माती तिथून थेट आत जाते. असा पंखा हातात घेतला की पात्यांच्या पुढच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात आणि धातूवर रेतीने घासल्यासारखी मंद चमक असते. घरी तपासायचं असेल तर फिल्टरच्या पुढचा पाइप काढून आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर फिल्टरची बाजू कुठेतरी उघडी आहे.

दुसरा, तेल. बुश आणि शाफ्ट यांच्यामधला तेलाचा थर केसापेक्षा बारीक असतो. तेल काळं, पातळ झालं किंवा टर्बोला तेल नेणाऱ्या नळीत काजळी धरली, की बुश रंग बदलतात, शाफ्टवर निळा पट्टा येतो. भर लोडवरून आलेली गाडी लगेच बंद केली की टर्बाइनची उष्णता मधल्या भागात सरकते आणि तिथलं थांबलेलं तेल जळून कोळसा होतं. बंद करण्याआधी एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा हे यासाठीच म्हणतात. ही नळी आम्ही कधी धुऊन परत लावत नाही, नवीच लावतो. नळीच्या तोंडाशी सिलिकॉनचा पेस्ट लावणाऱ्या मेकॅनिकपासून तर दूरच राहा. त्याचा तुकडा सुटून तेलाचं भोक बुजवतो.

तिसऱ्याला मारेकरी म्हणता येणार नाही, तो गैरसमज आहे. गाडी तेल खाते, इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात तेल दिसतं, म्हणून टर्बोला दोष देतात. टर्बोतल्या रिंगा रबरी सीलसारख्या तेल अडवत नाहीत, दाबाच्या फरकावर चालतात. इंजिनाचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी वाट) तुंबला किंवा तेल परत जाणारा पाइप दबला, की तेलाला खाली जायला वाट नसते आणि ते दोन्ही पंख्यांकडे निघतं. तो परतीचा पाइप शक्य तितका सरळ खाली उतरला पाहिजे, उभ्या रेषेपासून फार तर ३५ अंश कलता. आमच्याकडे तेलगळतीच्या नावाने आलेले कितीतरी टर्बो तपासून जसेच्या तसे परत गेलेत, तपासणीचे पैसे घेऊन. तपासणीचे पैसे का, यावर रुसवे होतात. होऊ द्यावे.

तपासणी कशी करतो तेही सांगतो. शाफ्टच्या टोकाला डायल गेज लावून पुढे-मागे हलवतो. छोट्या टर्बोत ही हालचाल साधारण ०.०३ ते ०.०९ मिमीच्या आत हवी. जास्त असेल तर थ्रस्ट बेअरिंग झिजलं. बाजूची हालचाल थोडी असतेच, कारण बुश तेलावर तरंगणारे आहेत; नुसत्या हाताने हलवून 'प्ले आला' म्हणणं चूक. पंखा हौसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घासल्याची खूण आहे का, ते खरं पाहायचं. शाफ्टचा वाक ०.०१ मिमीच्या वर गेला की शाफ्ट बाद. सरळ करून वापरणारे आहेत, आम्ही करत नाही.

बसवताना इंटरकूलर आणि पाइप आतून धुवायचेच. जुन्या टर्बोने ओकलेलं तेल तिथे साचलेलं असतं, आणि डिझेल इंजिनने ते ओढलं तर चावी काढूनही इंजिन थांबत नाही, वेग वाढतच जातो. अशा वेळी मोठ्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडून बंद पाडायची, किंवा हवेच्या तोंडावर जाड फळी दाबायची. हात किंवा फडकं नाही, दोन्ही आत ओढले जातात. नवं तेल, नवा ऑइल फिल्टर. टर्बोच्या तेलाच्या भोकात तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवायचा, इंजेक्टरचं कनेक्शन काढून १०-१५ सेकंद स्टार्टर मारायचा, आणि सुरू झाल्यावर तीन-चार मिनिटं अ‍ॅक्सिलरेटरला हात लावायचा नाही.

पेट्रोलकडे वळलो ते एक लिटरच्या आसपासची टर्बो पेट्रोल इंजिनं तालुक्याच्या गावांत दिसायला लागल्यावर. मागोमाग नागपूर-अमरावतीकडून मोठ्या जर्मन गाड्यांचे कार्ट्रिज पार्सलने यायला लागले. इथे सगळा खेळ तापमानाचा. डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ८०० अंशांच्या आसपास, पेट्रोलचा भर लोडवर ९५० ते १,०५० अंश सेल्सिअस. डिझेलच्या टर्बाइनला इन्कोनेल ७१३ या निकेलच्या मिश्रधातूचा पंखा पुरतो. पेट्रोलच्या वरच्या टोकाला मार-एम २४७ सारखा महाग धातू लागतो. दोन्ही पंखे दिसायला सारखेच. बाजारातला बिननावाचा स्वस्त कार्ट्रिज पेट्रोल गाडीत टाकला की पाती ताणली जातात, हौसिंगला घासतात, आणि शाफ्ट पंख्याजवळ तुटतो. म्हणून पेट्रोलसाठी धातूचा दाखला नसलेला माल आम्ही उघडतही नाही.

सुपरकारमध्ये हीच लढाई टोकाला गेलेली दिसते. बदलत्या पात्यांचा व्हीएनटी टर्बो आपल्याकडच्या डिझेल जीपमध्ये सर्रास दिसतो, पण पेट्रोलची १,००० अंशांची उष्णता झेलणारा तसा टर्बो विक्रीच्या गाडीत नीट जमला तो २००६ च्या पोर्श ९११ टर्बोत. बुगाटी वेरॉन २००५ ची: ८ लिटरचं १६ सिलिंडरी इंजिन, चार टर्बो, १,००१ अश्वशक्ती, ताशी ४०७ किमी, आणि गाडीत एकूण १० रेडिएटर. लोक चार टर्बोंबद्दल बोलतात, आम्हाला ते १० रेडिएटर जास्त बोलके वाटतात. पेट्रोल इंजिन इंधनातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकापर्यंत नेतं. १,००० अश्वशक्ती चाकाला द्यायची तर त्याच्या दुप्पट उष्णता कुठेतरी फेकावी लागते. बुगाटीच्याच पुढच्या शिरॉनमध्ये १,५०० अश्वशक्तीसाठी पंप मिनिटाला ८०० लिटर कूलंट फिरवतो. तिचे चारही टर्बो एकदम चालत नाहीत. आधी दोन, आणि इंजिनाच्या मिनिटाला ३,८०० फेऱ्यांच्या पुढे बाकीचे दोन, म्हणजे खालच्या वेगात एक्झॉस्ट चौघांत वाटला जाऊन गाडी मंद पडत नाही.

तेलाची गोष्टही तशीच. वळणावर गाडीला १ जी, म्हणजे तिच्या वजनाइतका, बाजूचा जोर लागला की सम्पमधलं (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातलं) तेल ४५ अंशांनी कलतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. म्हणून सुपरकारांत ड्राय सम्प: तेल वेगळ्या उभ्या टाकीत, आणि सम्पमधून ते सतत उपसणारे जादा पंप.

आणि इथेच आमची हद्द येते. २०१५ च्या फेरारी ४८८ मध्ये टर्बाइनचा पंखा टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे, इन्कोनेलच्या जवळपास निम्म्या वजनाचा, आणि शाफ्ट बॉल बेअरिंगवर. पंखा हलका म्हणून पाय दाबताच फिरतो. पण हा धातू ठिसूळ असतो, आणि ते बेअरिंग सुटं उघडून बसवायचं नसतंच. असा कार्ट्रिज आला तर फोटो काढून, न उघडता परत पाठवतो. पूर्णच बदलावा लागतो.

आमच्या कामात सुपरकारची खरी उपयोगी शिकवण इंटरकूलरची आहे. मे महिन्यात इथे हवा ४५ अंश असते. टर्बोने ती दुप्पट दाबाला नेली की, ७० टक्के कार्यक्षमता धरून, ती साधारण १४५ अंशांवर पोचते. हीच हवा २० अंशांची असती तर ११२ वर थांबली असती. गरम हवा विरळ, विरळ हवेत ऑक्सिजन कमी, म्हणून डिझेलमध्ये काळा धूर आणि पेट्रोलमध्ये नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक). जिनिंगसमोर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या इंटरकूलरवर रुईचा थर बसतो, त्यावर डिझेल-तेलाची वाफ, त्यावर माती. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, कारण थर इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतो. दोन्ही सुटे केल्याशिवाय निघत नाही. आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने आणि साबणाच्या पाण्याने साफ करा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप जवळून मारला की पत्रे आडवे होतात आणि मग हवा कायमचीच बंद. 'पिकअप नाही' म्हणून आलेल्या गाडीचा टर्बो उतरवण्याआधी आम्ही हेच बघतो.

व्हीएनटीबद्दल एकच विनंती. हौसिंगवरचा लॉक केलेला छोटा स्क्रू फिरवू नका. तो कमीत कमी प्रवाहाचा स्क्रू आहे, हवेचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लो बेंचवर बसवलेला. पाना लावून 'थोडं पिकअप वाढवलं' की दाब मर्यादेबाहेर जातो आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे बचावासाठी स्वतःच ताकद कमी करते.

टर्बो पाठवताना अ‍ॅक्च्युएटर (टर्बोची पाती किंवा झडप हलवणारा भाग) उतरवू नका, तेलाची दोन्ही तोंडं प्लास्टिकने बंद करा, आणि धुऊन पाठवू नका. काजळी आणि तेलाचा रंग पाहूनच अर्धं निदान होतं. सोबत जुन्या ऑइल फिल्टरचा कागद कापून पाठवला तर उत्तम. त्यात पितळेची चमक आहे की लोखंडाची, त्यावरून बुश गेले की इंजिन, ते कळतं. सोयाबीन निघायच्या दिवसांत हार्वेस्टरचे टर्बो आधी घेतो, कारण वावरात उभं मशीन पावसाची वाट पाहू शकत नाही. तेव्हा कारवाल्यांनी, मग ती कितीही महाग असो, दसरा-दिवाळीच्या सुमारास आठवडाभर जास्तीचा धरून चालावं.