‘सोमवारीच या’: चेहऱ्याचं रुटीन लावायला गेलो आणि पाठ दाखवून आलो

चेहरा सारखा लाल होत असेल, पापण्या सुजत असतील, काहीही लावलं की आग होत असेल, तर नवीन क्रीम आणण्याआधी पॅच टेस्ट करून घ्या. रक्ताची नव्हे, पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात ती. सांगायचं एवढंच आहे. पुढे आहे तो वैताग, आणि तो मुख्यतः एका काउंटरबद्दल आहे.

मी पुण्यात राहतो. कामासाठी दुचाकीवरून वाघोली, मांजरी, फुरसुंगी असा प्लॉटची मोजणी करत फिरतो. चाळिशी ओलांडेपर्यंत चेहऱ्याला साबण आणि शेव्हिंग क्रीम यापलीकडे काही लावलं नव्हतं, त्यामुळे ‘स्किनकेअर’ हा आपला प्रांत नाही असंच धरून चाललो होतो. मग एका पावसाळ्याच्या शेवटी पापण्यांना खाज सुटली, ती कानामागे गेली, मानेवर उतरली. कातडी जाड आणि खरखरीत व्हायला लागली.

उपाय सगळ्यांकडे तयार होते. आईची हळद आणि साय. ऑफिसातल्या एकाची कोरफड. कुणी लिंबू सांगितलं, ते मात्र मी ऐकलं नाही. लिंबाच्या रसाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोनच्या आसपास आणि चेहऱ्याच्या त्वचेचा साधारण साडेचार ते साडेपाच, एवढं तरी शाळेतलं विज्ञान आठवत होतं. बायकोने तिच्या कपाटातलं ‘सेन्सिटिव्ह स्किनसाठी’ असं लिहिलेलं क्रीम दिलं. त्याने चेहरा आणखी पेटला. ती म्हणाली, “अरे, यात तर नुसती फुलं आहेत!” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फॅमिली डॉक्टरांनी उन्हाची अ‍ॅलर्जी म्हणून एक ट्यूब दिली. लावली की आराम, थांबवली की दुप्पट. त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं. ती संपल्यावर मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता दुसरी पुढे केली, “साहेब, ही न्या, सगळे हीच नेतात.” हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं तिहेरी मिश्रण. हे वांगाच्या डागांसाठीचं औषध आहे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे दिवस लावायचं. आपल्याकडे लोक ते गोरं व्हायला म्हणून वर्षानुवर्षं चोळतात. शेवटी चेहरा पातळ, लाल, पुटकुळ्यांनी भरलेला होतो आणि क्रीम सोडवत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडची लावायची औषधं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. गल्लीतल्या मेडिकलपर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही. मी ती ट्यूब घेतली नाही. ट्यूबवर बारीक अक्षरात ‘-सोन’ किंवा ‘-सॉल’ने संपणारं नाव दिसलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. ‘-झोल’ने संपणारी निराळी, ती बहुतेक बुरशीची असतात, पण विचारायला काय जातं?

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मात्र दोन मिनिटांत ओळखलं. हनुवटी वर करायला लावली, तिच्या खालचा भाग पाहिला, कानामागे पाहिलं, पापण्या मिटायला लावल्या. “उन्हाने होणारं असतं तर हनुवटीखाली आणि कानामागे सहसा सुटलं असतं, तिथे सावली असते. तुम्हाला तिथेही आहे. हे हवेतून येऊन बसतंय. पॅच टेस्ट करू.” चिठ्ठी लिहून दिली आणि टेस्ट होते त्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

आता काउंटर.

काचेला एक गोल भोक, त्यामागे एक गृहस्थ. चिठ्ठीवर ‘पॅच टेस्ट’ स्वच्छ लिहिलेलं. त्यांनी ती वाचली, “अ‍ॅलर्जीची ना?” म्हणाले, पावती फाडली आणि मला रक्त तपासणीच्या रांगेत धाडलं. बिल चांगलं जाड होतं. रिपोर्ट आला तोही जाड. वांगी, शेंगदाणे, झुरळं, धूलिकण, मांजर, सगळ्यांपुढे आकडे. घरात आठवडाभर वांग्याची भाजी बंद. रिपोर्ट घेऊन डॉक्टर बाईंकडे गेलो तर त्यांनी पहिलं पान उलटलंसुद्धा नाही. “हे कोणी करायला सांगितलं?”

तेव्हा कळलं ते असं. रक्तात आयजीई नावाची प्रतिपिंडं मोजतात. शिंका, दमा, खाल्ल्यावर लगेच उठणाऱ्या गांध्या, याचा संबंध त्यांच्याशी. कातडीला एखादी गोष्ट लागून दोन-तीन दिवसांनी उठणारा इसब हा निराळा प्रकार, तो पांढऱ्या पेशींमधल्या टी पेशी घडवून आणतात, आणि तो त्या रक्तचाचणीत दिसतच नाही. त्यासाठी संशयित पदार्थच कातडीवर बांधून वाट पाहावी लागते. थोडक्यात, मी वांगी सोडण्यासाठी पैसे भरले होते. काउंटरवर चिठ्ठी देताना शब्द नीट उच्चारा आणि पावतीवर काय छापलंय ते तिथेच वाचा. मागचे लोक कुरकुरतील, करू द्या.

परत काउंटर. “पट्ट्या संपल्यात.” पुन्हा गेलो, पट्ट्या होत्या. “सोमवारीच या.” तो दिवस मंगळवार. सोमवारी गेलो. “या सोमवारी नाही, शुक्रवारी सुट्टी आहे.” मी म्हटलं, अहो, मी आज आलोय, शुक्रवारचं काय? “पुढचे!” आणि ते खरंच पुढच्याशी बोलायला लागले.

सोमवार का, हे त्या माणसाने मला एकदाही सांगितलं नाही. ते मला शेवटी पट्ट्या लावणाऱ्या सिस्टरनी सांगितलं, आणि ऐकल्यावर राग आणखी वाढला, कारण ते कारण अगदी रास्त होतं. पट्ट्या ४८ तास ठेवायच्या. सोमवारी लावल्या की बुधवारी काढून पहिलं वाचन. पण काही पदार्थांची प्रतिक्रिया उशिरा उमटते, म्हणून शुक्रवारी, म्हणजे ९६ तासांनी, दुसरं वाचन. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिन्ही दिवस ओपीडी चालू हवी. एक सुट्टी आली की आठवडा बाद. आता ऑगस्ट ते दिवाळी या काळात पुण्यात असा आठवडा शोधून दाखवा! स्वातंत्र्यदिन, गणपती, विसर्जन, दसरा. एखादा आठवडा मोकळा निघायचा तर त्यात डॉक्टर परिषदेला. हे एक वाक्य काचेवर कागदावर लिहून चिकटवलं असतं तर माझ्यासारख्या किती जणांची पेट्रोलची बचत झाली असती.

मधल्या काळात चेहरा एकदा इतका भडकला की डोळे उघडेनात. बाईंनी पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं की आता टेस्ट पुढे ढकलायची. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना केलेली टेस्ट खोटी ‘काही नाही’ दाखवू शकते. पाठीवर स्टेरॉइड मलम लावलं असेल तरी तेच. त्यामुळे तुमची कुठलीही गोळी चालू असेल, संधिवाताची, दम्याची, कसलीही, ती आधीच सांगा. आणि टेस्ट उन्हाळ्यात ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये घामाने पट्ट्या सुटतात आणि सगळं मुसळ केरात.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी अखेर शर्ट काढून पालथा बसलो. पाठीवर केस असतील तर आधी कापून जा. मला कोणी सांगितलं नव्हतं, तिथे सिस्टरनी कात्री चालवली आणि शेजारचे आजोबा मिश्कील हसत बसले. फ्रीजमधून सिरिंजसारख्या नळ्या आल्या. टपालाच्या तिकिटांसारख्या ओळीने चिकटवलेल्या छोट्या वाट्यांत एकेक थेंब: निकेल, कोबाल्ट, सिमेंट आणि चामड्यात असतं ते डायक्रोमेट, केसांच्या रंगातलं पीपीडी, सुगंधांचं मिश्रण, मलमांतलं प्रतिजैविक निओमायसिन, लोकरीतलं लॅनोलिन, राळ, क्रीम टिकवायला घालतात ते पॅराबेन आणि पार्थेनियम. एक वाटी नुसत्या व्हॅसलीनची, तुलनेसाठी. भारतीयांसाठी ठरवलेला हा संच आहे. परदेशी किट घेतलं तर त्यात पार्थेनियम असेलच असं नाही, विचारून घ्या.

दोन दिवस आंघोळ नाही, फक्त खालून पुसून घ्यायचं. वाकायचं नाही, घामाचं काम नाही. मी साहेबांना सांगून ऑफिसातच नकाशे करत बसलो. खाज येते, खूप येते, आणि ज्या जागी येते तिथे हात पोचत नाही, ते एक बरंच.

बुधवारी पट्ट्या काढल्या. लगेच वाचत नाहीत, अर्धा-पाऊण तास थांबवतात, कारण चिकटपट्टी ओढल्याची लाली आधी उतरावी लागते. सुगंधाच्या जागी एक अधिक चिन्ह, म्हणजे सौम्य प्रतिक्रिया. पार्थेनियमच्या जागी फोड आलेले. शुक्रवारी ते अजून फुगलेले. दोन अधिक चिन्हं, म्हणजे जोरदार. खरं सांगतो, मला आनंद झाला. इतके महिने ‘काहीतरी अ‍ॅलर्जी’ होती, तिला आता नाव मिळालं होतं: गाजर गवत.

म्हणजे आपलं काँग्रेस गवत. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून ते इकडे आलं असं सांगतात, आणि देशात त्याची पहिली नोंद १९५५ च्या सुमाराची, तीही पुण्याचीच. प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं वाढलेलं असतं आणि माझं कामच रिकाम्या प्लॉटवर! त्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य कातडीला झोंबतं. वाळलेल्या गवताची धूळसुद्धा पुरते, त्यामुळे हिवाळ्यात गवत पिवळं पडलं म्हणून सुटका नाही.

आणि ती बायकोच्या क्रीममधली फुलं? कॅमोमाइल. गाजर गवत, कॅमोमाइल, कॅलेंड्युला, शेवंती, सूर्यफूल ही सगळी एकाच कुळातली. गवताची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना या भाऊबंदांचाही त्रास होतो. गंमत अशी की ‘नाजूक त्वचेसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये नेमकी हीच फुलं हौसेने घालतात. मी आता डब्याच्या मागची यादी चष्मा लावून वाचतो: मॅट्रिकारिया, कॅमोमिला, कॅलेंड्युला, अर्निका दिसलं की परत फडताळात. ‘परफ्युम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ लिहिलं असेल तरी परत. ‘अनसेंटेड’वर जाऊ नका, त्यात वास मारायला दुसरा वास घातलेला असू शकतो, ‘फ्रॅग्रन्स फ्री’ हवं, आणि तरीही यादी वाचायचीच.

रुटीन इतकं छोटं निघालं की सांगायला लाज वाटते. साबण बंद, कारण साध्या साबणाचा पीएच नऊ-दहापर्यंत असतो. त्याऐवजी सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी. चेहरा ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर, सकाळ-रात्र. बाहेर जाताना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, एसपीएफ ३० च्या वरचं. चेहरा जरा पांढुरका दिसतो, साइटवरचे मजूर बघतात, सवय झाली. हेल्मेटची काच खाली, गळ्यापर्यंत रुमाल, आणि घरी आल्या आल्या आंघोळ, तो रुमाल थेट धुवायला. पापण्यांवर फक्त व्हॅसलीन. बस्स. व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, अ‍ॅसिडं, मेव्हण्याने पाठवलेला सीरमचा सेट, यातलं काहीही नाही. सुजलेली त्वचा शांत झाल्याशिवाय त्या भानगडीत पडू नका असं बाईंनी बजावलं होतं, आणि शांत झाल्यावर मला गरज वाटली नाही.

नवी वस्तू एका वेळी एकच आणायची. आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, किमान आठवडाभर लावून बघायची, मग चेहरा. एका दिवसाचं ‘लावून बघितलं, काही झालं नाही’ उपयोगाचं नाही, कारण उशिरा उठणारी अ‍ॅलर्जी उशिराच उठते.

सलूनमध्ये अडचण होते. आफ्टरशेव्ह नको म्हटलं की तो तुरटी फिरवतो, तीही झोंबते; नुसतं पाणी मारायला सांगा. दिवाळीचं उटणं यंदा आईने फक्त हातापायांना लावू दिलं, “तोंड तुझं तू बघ,” म्हणून. टेस्टमध्ये केसांच्या रंगातलं पीपीडी निघालं असेल तर डाय बंद करावी लागते, हे आमच्या साहेबांसाठी लिहितोय, त्यांच्याही पापण्या सुजतात आणि ते मान्य करत नाहीत.

निकालाच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्यावर काय टाळायचं ते लेखी मागून घ्या, तोंडी सांगितलेलं दुकानात आठवत नाही. माझ्याकडे काउंटरवरून तो कागद मिळवायलाही सोमवारीच जावं लागलं.

आणि हो, टेस्टच्या दिवशी जुना, गडद शर्ट घाला. पाठीवर जागा ओळखायला मार्करने खुणा करतात, ती शाई पांढऱ्या शर्टातून निघत नाही.