पाण्याची वेळ, नालीची वेळ

थंडी पडली की नगरपालिकेकडं दोन मागण्या ठरलेल्या. चौकात शेकोटीला लाकडं टाका, आणि नळाची वेळ बदला. लाकडाचं स्वच्छता विभाग बघतो, नळाचं आमच्या पाणीपुरवठ्याच्या गळ्यात येतं. आमचं गाव परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यातलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा पेपरात एक अंकी छापून आला की दुसऱ्या दिवशी निवेदन तयार असतं.

जुन्या गावाला आम्ही पहाटे साडेचारला पाणी सोडायचो, तेही चौथ्या दिवशी. वेळ कुणी हौसेनं ठरवलेली नव्हती. रात्रभर फिल्टरवरून, म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रावरून, पंपिंग चालतं, 10 लाख लिटरची टाकी पहाटे चारच्या सुमारास भरते, आणि भरल्या टाकीचं पहिलं पाणी ज्याची लाइन सगळ्यात जुनी त्या झोनला द्यायचं, एवढाच हिशेब. यंदा निवेदनाला जोर जास्त होता. म्हाताऱ्या बाया पहाटे कुडकुडत घागरी भरतात, हे खरंच होतं. कार्यालयानं अदलाबदल केली. नव्या कॉलन्यांच्या झोनला साडेचारला आणि जुन्या गावाला सकाळी आठला. कॉलन्यांत घरोघर हौद आणि त्यावर भरला की आपोआप बंद होणारा बॉलकॉक, त्यामुळं झोपेतून कुणाला उठायचं काम नाही. ‘थंडीमुळे पाणीपुरवठ्याच्या वेळेत बदल’ म्हणून घंटागाडीच्या भोंग्यावरून पुकारलं, व्हॉट्सॲपवर फिरलं, लोकांनी हात जोडलेले इमोजी टाकले. कागदावर बघितलं तर निर्णयात खोट काढता येत नाही, आजही येत नाही.

मग जुन्या गावातल्या एका गल्लीतून तक्रार आली. पाण्याला वास येतो, वर फेस असतो. दोन-तीन घरांत लेकरांना जुलाब सुरू झाले होते.

असं काही झालं की सगळ्यांची बोटं आधी फिल्टरकडं जातात. हिवाळ्यात तर जास्तच, आणि त्याला थोडं कारणही आहे. पावसाळ्यातलं गढूळ पाणी साफ करणं तुलनेनं सोपं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. हिवाळ्यात नदीचं पाणी दिसायला नितळ, गढूळपणा 10 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आसपास. पण गाळाचे कण कमी म्हणून ते एकमेकांवर आदळत नाहीत, तुरटीचे पुंजके बारीक आणि हलके राहतात. त्यात 15 अंशांचं पाणी 30 अंशांच्या पाण्यापेक्षा 40 टक्क्यांनी जास्त चिकट असतं, म्हणजे तो पुंजका खाली बसायलाही तितकाच जास्त वेळ घेतो. तुरटीचा डोस पावसाळ्यातल्या तक्त्यावरून ओढत बसलं की क्लॅरिफायरवरून, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीवरून, पांढरे कण फिल्टरवर येणारच. उपाय एकच, जार टेस्ट. एकेक लिटरचे सहा ग्लास, प्रत्येकात तुरटी वेगळी, मिनिटभर जोरात ढवळायचं, पंधरा-वीस मिनिटं सावकाश, अर्धा तास निवांत ठेवायचं आणि बघायचं कुठल्या ग्लासात तळ लवकर धरला. आमच्याकडं थंडी सुरू झाल्यावर ही टेस्ट रोज सकाळी होते. फिल्टरमधून निघणारं पाणी 1 एनटीयूच्या आत होतं. शिवाय फिल्टर बिघडलं असतं तर अख्खा झोन बोंबलला असता. इथं बोंब एका गल्लीची, तीही गल्लीच्या मागच्या अर्ध्या भागाची.

कार्यालयानं नमुना तपासायला सांगितलं. इथं थंडीनं दुसरा घोळ घातला. आमच्याकडं जंतू तपासायच्या एचटूएसच्या (हायड्रोजन सल्फाइड) बाटल्या असतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि ठेवून द्यायचं. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर मैलापाण्याचे जंतू आहेत असं समजायचं. पण जंतू वाढायला ऊब लागते. टेबलावर ठेवलेली बाटली उन्हाळ्यात एका रात्रीत काळी होईल, तीच डिसेंबरात दोन दोन दिवस ढिम्म हलत नाही. म्हणून हिवाळ्यात मी थर्माकोलच्या खोक्यात 40 वॅटचा बल्ब लावतो, आत थर्मामीटर ठेवतो आणि 35 अंशांच्या आसपास बाटल्या राहतील असं बघतो. त्या गल्लीतल्या एकाच नळाच्या दोन बाटल्या होत्या. खोक्यातली सकाळपर्यंत शाईसारखी काळी. टेबलावरची तशीच पिवळसर. अहवालाची घाई असलेल्यांनी टेबलावरची बाटली बघून ‘नमुना समाधानकारक’ असा शेरा मारूनही टाकला होता. तिसऱ्या दिवशी तीही काळी पडली, तोवर शेरा वरपर्यंत पोचला होता. आपल्याकडं कागद एकदा वर गेला की तो खाली आणणं लाइन खोदण्याहून अवघड.

जंतू आहेत हे कळलं, ते शिरतात कुठून ते कळेना. त्यासाठी क्लोरीन हा सगळ्यात स्वस्त शोध्या. शेवटच्या नळालाही किमान 0.2 पीपीएम (दहा लाख भागांत 0.2 भाग) क्लोरीन उरलं पाहिजे. घाण जिथं मिसळते तिथं ते खर्ची पडतं, आकडा एकदम पडतो. ओटीची, म्हणजे क्लोरीन असलं की पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडीनची, बाटली घेऊन गल्लीच्या तोंडापासून घरोघर निघायचं. थंड पाण्यात पिवळा रंग सावकाश चढतो, म्हणून नमुन्याची नळी मुठीत धरून जरा गरम करायची आणि मगच तक्त्याशी लावायची. नाहीतर आहे ते क्लोरीनही कमी दिसतं. गल्लीच्या तोंडाला 0.4 आलं. पुढं मारुतीच्या पारापर्यंत 0.3, 0.3. पार ओलांडला, नाली आडवी गेली तिच्या पुढच्या पहिल्याच घरात शून्य. तिथून शेवटपर्यंत शून्य.

आमच्या व्हॉल्व्हमन मामांनी त्याआधीच सांगितलं होतं. ‘साहेब, नळ हवा ओढायलाय. हात लावून बघा.’ मामांचं शिक्षण चौथी, पण जुन्या गावाचा नकाशा कार्यालयात नाही तो त्यांच्या डोक्यात आहे. कोणता व्हॉल्व्ह विसाव्या फेऱ्याला पुरता बंद होतो आणि कोणता अठराव्यालाच अडकून पाणी गळत राहतो, हे त्यांना चावी हातात घेतली की कळतं. येत्या मार्चात ते निवृत्त होतील आणि जागा भरायची नाही असं धोरण आहे. असो.

मामांचं म्हणणं सगळ्यांना दिसावं म्हणून गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणली. तिचं एक टोक गल्लीच्या शेवटच्या नळाला घट्ट बसवलं, दुसरं पाण्यानं भरलेल्या बादलीत सोडलं. साडेआठचा सुमार. नळ उघडा. नळातून पाणी बादलीत पडायचं, तर बादलीतलं पाणी नळीतून वर चढलं, वाकण घेतलं आणि नळात निघून गेलं. बघता बघता बादली अर्धी झाली. जमलेली माणसं गप्प झाली. त्यातल्या एका आजी म्हणाल्या, ‘मग आमी काय पेलो रे बाबा?’

हिशेब सोपा आहे. गल्लीत 52 नळ, त्यातल्या चाळीसेक घरांत टिल्लू मोटार, थेट नळाला जोडलेली. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार मिनिटाला 25 लिटर सहज ओढते, म्हणजे चाळीस मोटारी हजार लिटर ओढणार. चौकातून गल्लीच्या तोंडापर्यंत तीनशे मीटर बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जुना पाइप आहे, 100 मिलिमीटरचा. त्यातून मिनिटाला हजार लिटर न्यायचे तर निव्वळ घर्षणातच 20 मीटरहून जास्त दाब जातो, आणि आमच्या टाकीची उंची 15 मीटर. तेवढं पाणी येणंच शक्य नाही. मग मोटारी उरलेलं ओढतात ते जिथून मिळेल तिथून, आणि पाइपाला जिथं भोक असेल तिथून बाहेरचं आत येतं. पहाटे साडेचारला निम्मं गाव झोपलेलं, म्हणून मोटारीही निम्म्याच चालायच्या. आठला झाडून सगळ्या एकदम. पाणी येण्याच्या वेळेत वीज बंद ठेवायचा उपाय काही शहरांनी केलाय. आमच्याकडं तो विषय काढला की ज्यांच्याकडं मोटार आहे तेच सगळ्यात आधी कार्यालयात येतात.

भोक कुठं ते क्लोरीननं दाखवलंच होतं. नालीच्या बाजूला खोदलं. मुख्य लाइनवरून निघालेलं अर्ध्या इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचं एक कनेक्शन नालीच्या पोटातून पलीकडं गेलेलं. त्या घरी बोअर पडल्यावर मालकानं नळ बंद करून घेतला होता. बंद म्हणजे काय, तर प्लंबरनं पाइप कापला, तोंडात लाकडी गट्टू ठोकला, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि टोक नालीतच सोडून दिलं. मुख्य लाइनवरचं फेरूल, म्हणजे जिथून घराचं कनेक्शन निघतं तो जोड, तसंच चालू. गट्टू कुजून केव्हाच निघून गेला होता. लाइनला दाब असला की तिथून पाणी नालीत जायचं, त्याकडं कुणाचं लक्ष नाही, कारण नालीतलं पाणी कोण मोजतो? दाब उलटा झाला की नाली आत.

प्लंबरला शिव्या देणं सोपं आहे. पण नळ रीतसर बंद करायचा तर फेरूलवर बंद करावा लागतो, त्यासाठी सिमेंटचा रस्ता फोडावा लागतो, त्याची परवानगी आणि खोदाईचे पैसे भरावे लागतात. नळ नको असलेला माणूस हे पैसे का भरेल? आपला नियमच माणसाला गट्टू ठोकायला लावतो. आणि ज्यांचे नळ चालू आहेत त्यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. दाब कमी म्हणून दारात दोन-अडीच फुटांचा खड्डा करायचा, नळ त्यात उतरवायचा, तोटी काढून टाकायची. पाणी गेल्यावर खड्ड्यात साचलेलं सगळं उलट पाइपात जातं. या गल्लीत असे खड्डे 17 निघाले.

फेरूल बंद केलं, नालीतले तीन जीआय पाइप काढून निळे एमडीपीई (प्लॅस्टिकचे) टाकले, तेही नालीच्या वरून. मग लाइन धुवायची वेळ आली. कार्यालयानं टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचं 25 किलोचं पोतं धाडलं. तीनशे मीटर लांबीच्या 100 मिलिमीटर पाइपात पाणी मावतं जेमतेम 2,400 लिटर. 50 पीपीएम क्लोरीन धरलं तरी 120 ग्रॅम लागतं. ताज्या पावडरीत 33 टक्के क्लोरीन असतं, आमच्या गोदामात पडून राहिलेलीत 25 धरा, म्हणजे अर्धा किलो पावडर पुरते. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच लाइनमध्ये सोडायची. घाईत गाळासकट ओतलं की चुना जाऊन फेरूलांच्या तोंडाशी बसतो. रात्रभर लाइन भरून ठेवली, घरोघर नळ बंद ठेवायला सांगितलं, सकाळी वॉशआउट (लाइन रिकामी करायचा व्हॉल्व्ह) उघडून वास जाईपर्यंत पाणी सोडून दिलं. त्यानंतर शेवटच्या नळाला 0.3 आलं. आरोग्य विभागानं घरच्या पाण्यात टाकायच्या मेडिक्लोर या क्लोरीन द्रावणाच्या बाटल्या आणि ओआरएस वाटलं. लेकरं बरी झाली, कुणाला भरती करायची वेळ आली नाही.

माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट निराळीच. आठ वाजता मोटारी सगळ्या चालू होतात, हे कुणालाही सुचलं असतं. पण हिवाळ्यात आठ वाजता आणखी काय होतं? घराघरात बंबावर, हीटरवर पाणी तापतं, सगळ्यांच्या आंघोळी सात ते नऊच्या दरम्यान उरकतात, आणि नाली काठोकाठ वाहते. पहाटे साडेचारला तीच नाली जवळजवळ कोरडी असते. कुजलेला गट्टू होताच, मोटारी होत्याच, नालीही होतीच. वेळ बदलल्यावर तिन्ही एका तासात आल्या. पाणी सोडण्याचं वेळापत्रक करताना टाकी, पंप, वीज, व्हॉल्व्ह सगळं बघतात. नालीची वेळ कोणत्या तक्त्यात लिहितात?

इथं मामा वेगळं बोलतात. त्यांच्या मते साडेचारलाही हेच होत असणार, फरक उजेडाचा. चौथ्या दिवशी येणाऱ्या नळाचं पहिलं पाणी घाणच असतं. लोक ते दहा मिनिटं नालीत सोडतात, पहाटेच्या अंधारात त्याला फेस आहे की नाही हे दिसत नाही, आणि लेकराला जुलाब झाले तर घरचे ‘थंडी बाधली’ म्हणतात. आठच्या उन्हात पहिल्यांदा दिसलं म्हणून तक्रार आली, एवढंच. हे खरं असेल तर वेळ बदलल्यानं नुकसान झालं म्हणायचं, की एक जुनं दुखणं सापडलं म्हणायचं?

तपासायचा मार्ग आहे. फेरूल बंद केलं असलं तरी खड्डे तसेच आहेत. एका फेरीला जुन्या गावाला परत साडेचारला पाणी सोडायचं, शेवटच्या नळाला लेव्हलची नळी लावायची, ओटी आणि बाटल्या घ्यायच्या, आणि पुढच्या फेरीला आठला तेच करून दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. तसं लेखी मागितलं. वेळ पुन्हा बदलली तर लोक रस्त्यावर येतील, असं उत्तर मिळालं. दुसरी टिपणी बंद नळांची होती: जुन्या गावातले सगळे बंद नळ फेरूलवरच बंद करावेत, खोदाईचा खर्च पालिकेनं सोसावा. ती ‘खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा ते नमूद करावे’ असा शेरा घेऊन परत आली आहे. मामा आणि मी तोवर गल्ल्या फिरून बंद नळांची यादी करतोय, कारण मार्चनंतर ते कुठं कुठं आहेत हे सांगणारं कुणी उरणार नाही.