‘उपलब्ध’ या रकान्यातली खूण

ते कुटुंब परत जाऊन तीन आठवडे झाले, तरी माझ्या नोंदवहीतले एक पान मी अजून पुन्हा पुन्हा उघडून पाहतो आहे. त्या पानावर जलतरण तलावाच्या लिफ्टसमोर, म्हणजे चालू न शकणाऱ्या माणसाला बैठकीवर बसवून पाण्यात उतरवणाऱ्या यंत्रासमोर, ‘उपलब्ध’ या रकान्यात बरोबरची खूण आहे आणि तळाशी माझी सही आहे.

मी एका रिसॉर्टच्या देखभाल विभागाचा प्रमुख आहे. नळाला गरम पाणी येते, दिवे लागतात, तलाव निळा दिसतो, तोवर आमचा विभाग कुणाच्या नजरेत येत नाही, आणि ते तसेच असायला हवे. त्या दिवशी मात्र सकाळी स्वागतकक्षातून फोन आला आणि नव्याने आलेल्या पाहुण्यांच्या कॉटेजमध्ये मला तातडीने बोलावण्यात आले. नवरा-बायको, दोन मुले आणि आजी असे पाच जण आले होते. बाई व्हीलचेअर वापरत होत्या. अपघातात मणक्याला झालेल्या दुखापतीमुळे कमरेखाली त्यांना ना हालचाल होती ना संवेदना. आरक्षण करताना त्यांनी फोनवर तीन प्रश्न विचारले होते: पलंगाची उंची किती, बाथरूममध्ये खुर्ची वळते का, आणि तलावात उतरायची सोय आहे का. आरक्षण विभागातल्या सहकाऱ्याने माझाच तक्ता समोर ठेवून तिन्ही प्रश्नांना ‘हो, सगळे उपलब्ध आहे’ असे उत्तर दिले होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असू शकत नाही, ते सेंटिमीटरमध्येच असते, हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात आले नाही.

पलंग मोजला तर तो ६८ सेंटिमीटर भरला. त्यांच्या खुर्चीची बैठक ५० सेंटिमीटरवर होती. हातांच्या जोरावर शरीर एका बैठकीवरून दुसऱ्या बैठकीवर सरकवायचे, तर दोन्हींची उंची जवळजवळ सारखी लागते. १८ सेंटिमीटरची चढण म्हणजे दर वेळी कुणीतरी उचलायला हवे. ही कॉटेज बांधली तेव्हा पलंग बरोबर उंचीचा होता. पुढे नूतनीकरणात सजावटकारांनी सगळ्या कॉटेजमध्ये एकसारख्या जाड गाद्या आणि त्यांच्याखाली पेट्या बसवल्या, त्यात ही कॉटेजही गेली. खोली छायाचित्रात कशी दिसेल याचा जितका विचार आमच्याकडे होतो, तितका तिथे झोपणाऱ्या माणसाचा होत नाही, हे माझे जुनेच दुखणे आहे. आम्ही पेटी काढली, गादी बदलली आणि पलंग ४९ सेंटिमीटरवर आणला.

बाथरूममध्ये खुर्ची वळत होती. दीड मीटर व्यासाची मोकळी जागा होती आणि कमोडशेजारचे आधाराचे दांडेही पक्के होते. पण संकटकाळी ओढायची लाल दोरी सफाई करणाऱ्यांनी गुंडाळून, गाठ मारून छताजवळ अडकवून ठेवली होती. लादी पुसताना ती भिजते, एवढेच कारण. ती दोरी जमिनीला टेकेल इतकी खाली सोडायची असते, कारण तिची खरी गरज माणूस पडलेला असतो तेव्हा लागते. ती गाठ सोडवताना ओल आणि साबण साचून इतकी घट्ट झालेली दिसली की मला पक्कड वापरावी लागली. म्हणजे ती किती महिने तशी होती, याचा अंदाज यावा.

गरम पाण्याबाबत मी निर्धास्त होतो. टाकीतले पाणी आम्ही ६० अंश सेल्सिअसला ठेवतो, कारण कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचे जीवाणू वाढतात. पण तेच पाणी अंगावर आले तर काही सेकंदांत कातडी भाजते. म्हणून शॉवरच्या आधी मिश्रण करणारा व्हॉल्व्ह बसवलेला आहे, आणि त्या दिवशीही तापमापीवर नेमके ४१ अंश आले. मी समाधानाने तो आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, “शॉवरचं छान आहे, पण बेसिनखालच्या नळीला हात लावून बघा.” बेसिनखाली गरम पाण्याची उघडी नळी होती, आणि खुर्ची पुढे नेली की गुडघे बरोबर तिला टेकत होते. ज्याला चटका जाणवतो तो पाय मागे घेतो. त्यांना तो संध्याकाळी फोड दिसल्यावर कळला असता. त्या नळीला आच्छादन घालायला मला दहा मिनिटे लागली, आणि इतक्या वर्षांत मी त्या बेसिनसमोर एकदाही बसून पाहिले नव्हते.

दुपारी आणखी एक गोष्ट समोर आली. मुलांची आतली खोली वेगळी होती आणि तिच्या दाराची मोकळी रुंदी जेमतेम ६७ सेंटिमीटर होती. खुर्ची ६६ सेंटिमीटरची. हात चाकांवर ठेवले की बोटांची सालटी निघणार. आम्ही एक खोली आणि एक बाथरूम सोयीचे करून काम संपले असे मानले होते, पण त्या आई होत्या आणि रात्री त्यांना मुलांच्या उशाशी जायचे होते. उघडे दारही चौकटीतली जागा खाते, आपल्या जाडीइतकी. त्यासाठी बाहेर वळण असलेली बिजागरी मिळते, जिच्यामुळे दार उघडल्यावर पूर्णपणे चौकटीबाहेर जाते आणि साडेतीन-चार सेंटिमीटर मिळतात. माझ्याकडे असा एक जोड पडून होता. चौकट न तोडता, भिंतीला हात न लावता, एका तासात मोकळी रुंदी ७० च्या पुढे गेली. नव्या बांधकामात ८० सेंटिमीटरपेक्षा कमी रुंदी मी मान्य करणार नाही, पण त्या रात्रीपुरते ते पुरेसे होते. या कामाचा मला मनापासून अभिमान आहे.

मग मुले तलावाकडे धावली आणि बाईंनी लिफ्टबद्दल विचारले.

लिफ्ट होती. काठावर, ताडपत्रीखाली. ‘बरी दिसत नाही’ म्हणून व्यवस्थापनाने ती झाकायला लावली होती, आणि पावसात भिजू नये म्हणून तिची २४ व्होल्टची बॅटरी काढून भांडारात ठेवली होती. तिथे ती महिनोन्‌महिने चार्जिंगविना पडून होती. शिसे-आम्लाची बॅटरी अशी उतरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, आणि मग ती चार्ज धरत नाही. मी दोन तास प्रयत्न केला. लिफ्टची बैठक हातभर हलली आणि थांबली. दर महिन्याच्या तक्त्यावर मात्र माझी खूण होती, कारण तक्ता फक्त ‘उपलब्ध आहे का’ एवढेच विचारतो, आणि ताडपत्रीखाली लिफ्ट तर होतीच.

आमच्या व्यवस्थापकांनी सुचवले की आपले दोन कर्मचारी त्यांना अलगद उचलून पाण्यात सोडतील. सूचना चांगुलपणाने केलेली होती. बाईंनी शांतपणे नकार दिला. त्या म्हणाल्या, “मला उचलून पाण्यात सोडता येईल, पण मग बाहेर कधी यायचं, हे मी ठरवायचं की त्यांची ड्यूटी कधी संपते त्यावर?” त्यांच्या यजमानांनी लगेच “मी उचलतो ना” म्हटले, आणि त्यांच्याकडे पाहताना मला जाणवले की सकाळपासून हा माणूस एकदाही बसलेला नाही. सामान, उतार, पलंग, मुले, आई, सगळीकडे तेच धावत होते. सुट्टीवर आलेल्या पाचही जणांच्या वाट्याला आमच्या त्या एका खुणेचा काहीतरी भार आला होता.

व्यवस्थापकांचे नंतरचे म्हणणे होते की लिफ्ट ही जादा सोय आहे. मी ते मानत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचे ३० वे कलम करमणूक, विरंगुळा आणि खेळ यांतल्या समान सहभागाबद्दलच आहे. उपचार आणि शिक्षण यांच्याच पंक्तीला ते बसवलेले आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी बॅटरी आली. लिफ्टची क्षमता १३६ किलोची आहे. मी १२० किलोच्या वाळूच्या गोण्या ठेवून ती दहा वेळा खाली-वर केली आणि बैठक पाण्याखाली ४५ सेंटिमीटर जाते ना, हे पट्टीने पाहिले. बाई आल्या तेव्हा त्यांनी आधी बैठकीच्या कडेखालून बोटे फिरवली, सावकाश, पूर्ण गोल. प्लास्टिकला तडा असेल तर मांडी कापली गेल्याचे त्यांना कळणार नव्हते. एका जागी त्या थांबल्या. मी घासपेपरने ती जागा गुळगुळीत केली, त्यांनी पुन्हा हात फिरवला, पायांत जाड मोजे चढवले आणि बैठकीवर सरकल्या. बटण त्यांनीच दाबले.

मुलगी पाण्यात वाट पाहत होती. त्यानंतरचा पाऊण तास त्या दोघी पाण्यात होत्या. यजमान पलीकडच्या काठावर आरामखुर्चीत झोपले होते, गाढ, चेहऱ्यावर टॉवेल घेऊन, आणि आजींनी त्यांना उठवू नका अशी मला खूण केली.

निघताना दर्शनी दाराच्या उतारावरून त्यांनी पत्नीची खुर्ची उलटी वळवून, दोन्ही पाय रोवून खाली नेली. गाडी गेल्यावर मी तो उतार मोजला. उंची ४५ सेंटिमीटर, लांबी ४ मीटर. म्हणजे जवळजवळ ९ ला १, जिथे १२ ला १ हवा. त्यासाठी ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबी लागेल आणि समोरचा फुलांचा वाफा काढावा लागेल. मी आराखडा दिला आहे. तो पुढच्या वर्षीच्या खर्चात पाहू, असे उत्तर आले आहे. नव्या उताराच्या कडा मी खडूने आखून ठेवल्या आहेत. झाडलोटीत त्या पुसल्या जातात, मग मी त्या पुन्हा आखतो.