शेवटचा रुग्ण कोणता?

वैद्यकीय विषयांवरचा मजकूर छपाईला जाण्यापूर्वी त्यातील नावे, सने आणि आकडे तपासणे हे माझे काम आहे. देवी रोगाच्या निर्मूलनावरचा एक दीर्घ लेख माझ्याकडे आला तेव्हा मी चॅटबॉटची मदत घ्यायचे ठरवले. लेखाचे भाग वेगवेगळ्या वेळी लिहिलेले होते, आणि अशा लेखनात एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी सांगितली गेली, तर वाचणाऱ्याच्या नजरेतून ती सहज निसटते.

तपासण्याजोग्या विधानांची परिच्छेदवार यादी करावी, परस्परविरोधी विधाने वेगळी दाखवावीत, मात्र खरे काय आणि खोटे काय याचा निर्णय देऊ नये, एवढेच मी त्याला सांगितले. काही क्षणांत आलेली यादी खरोखर उपयोगी होती. प्रस्तावनेत निर्मूलनाचे वर्ष १९७९ आहे आणि अखेरच्या भागात १९८०, ही विसंगती त्याने नेमकी पकडली. दोन्ही सनांना आधार आहे: तज्ज्ञांच्या जागतिक आयोगाने निर्मूलन झाल्याचे ९ डिसेंबर १९७९ रोजी प्रमाणित केले, तर जागतिक आरोग्य सभेने त्याची घोषणा ८ मे १९८० रोजी केली. लेखकाने या दोन घटना एकच मानल्या होत्या. अशा कामात हे साधन माझे कित्येक तास वाचवते, हे मी मोकळेपणाने सांगतो.

लेखात जगातील शेवटच्या रुग्णाचाही उल्लेख होता. या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते, म्हणूनच मी तो चॅटबॉटला मुद्दाम विचारला. सोमालियातील मेर्का येथील रुग्णालयात स्वयंपाकी असलेला अली माओ मालिन, ऑक्टोबर १९७७, असे त्याने सांगितले आणि ते बरोबर होते. मग मी आक्षेप घेतला, की १९७८ मध्ये बर्मिंगहॅमला जॅनेट पार्कर या वैद्यकीय छायाचित्रकार बाईंचा देवीने मृत्यू झाला होता, तेव्हा हे उत्तर चुकीचे नाही का? त्याने तत्काळ क्षमा मागून आपले उत्तर मागे घेतले. वास्तविक पार्कर यांना झालेल्या संसर्गाचा संबंध प्रयोगशाळेतील विषाणूशी होता. नैसर्गिकरीत्या लागण झालेला शेवटचा रुग्ण मालिनच. मी हा भेद सांगताच त्याने पुन्हा क्षमा मागितली आणि तो मूळ उत्तरावर परतला. तिन्ही वेळा त्याच्या स्वरातील खात्री सारखीच होती.

असे का होते, हे समजण्यासारखे आहे. चॅटबॉटमागचे भाषेचे प्रारूप (लँग्वेज मॉडेल) प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द कोणता संभवतो हे शिकलेले असते आणि माणसांना पसंत पडणारी उत्तरे देण्यासाठी त्याला नंतर आणखी घडवलेले असते. त्यामुळे विचारणाऱ्याच्या मताकडे ते झुकते. ‘नक्की का?’ असे त्यालाच पुन्हा विचारण्याला म्हणूनच मी पडताळणी मानत नाही. न्यूयॉर्कमधील एका खटल्यात चॅटबॉटने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर झाले आणि २०२३ मध्ये संबंधित वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. तिथेही निवाडा खरा आहे का, हे चॅटबॉटलाच विचारले गेले होते आणि त्याने होकार दिला होता.

त्या दिवशीचा सर्वांत अवघड प्रसंग मात्र एका खऱ्या विधानाबाबत घडला. टोकाला दोन फाटे असलेल्या सुईमुळे तेवढ्याच लशीत सुमारे चौपट लोकांना लस टोचता येऊ लागली, असे लेखात होते. संदर्भ दिलेला नव्हता. तो मी चॅटबॉटकडे मागितला. लेखकाचे आडनाव, शोधनिबंधाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठ असे सारे त्याने दिले. नियतकालिक खरे होते. तो खंड काढून पाहिला, तर त्या पृष्ठावर वेगळ्याच रोगावरचा लेख होता आणि त्या शीर्षकाचा निबंध कोणत्याही सूचीत सापडला नाही. ‘विधान खरे आहे ना, मग राहू द्या की संदर्भ,’ असे सहसंपादकांनी सुचवले. मला ते मान्य झाले नाही. वाचक संदर्भाच्या मागे जातो तो स्वतः खात्री करून घेण्यासाठी, आणि तिथे काहीच नसेल तर खऱ्या विधानावरचाही त्याचा विश्वास उडतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये प्रकाशित केलेल्या निर्मूलनाच्या बृहद् इतिहासात या सुईची माहिती आहे. तिथला मजकूर स्वतः वाचून मी त्याचा पृष्ठांक दिला.

यादीतील सर्व विधाने तपासून झाल्यावर मी मूळ लेख सलग वाचला, कारण यादी पूर्ण आहे असे मानायला काही आधार नव्हता. जेन्नरने पहिली लस १७९८ मध्ये टोचली, असे एका तळटीपेत होते आणि यादीत ते विधान आलेच नव्हते. लस टोचली गेली १४ मे १७९६ रोजी. १७९८ हे त्याच्या पुस्तिकेच्या प्रकाशनाचे वर्ष. ती दुरुस्ती करून, लेखकांची संमती घेऊन, मजकूर छपाईला पाठवला.