भांडण कांद्याचं, मार संत्र्याला

मे 2025 मध्ये बातमी आली की बांगलादेशचे तयार कपडे आता जमिनीवरच्या सीमेवरून येऊ द्यायचे नाहीत, फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातूनच, आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच "बरं झालं", "धडा शिकवला" सुरू झालं. त्याच संध्याकाळी वरुडहून बाबांचा फोन. "काय वं, आता ते संत्र्यावर अजून ड्युटी लावतीन का?" बस एवढंच विचारलं त्यांनी. मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वरुड-मोर्शी म्हणजे अमरावती जिल्ह्यातला संत्र्याचा पट्टा, आमच्या रेल्वे स्टेशनचं नावच वरुड ऑरेंज सिटी आहे. आणि या संत्र्याचं बाहेरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. लोक सहज म्हणतात युरोपात पाठवा, दुबईला पाठवा. अहो आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते, दाबलं की फळ खराब, जास्त दिवस टिकत नाही, वर बिया, आणि तिकडच्या लोकांना बिनबियांचं फळ लागतं. ट्रकात भरलं आणि थोड्या दिवसांत बाजारात उतरलं असं परदेशातलं मोठं मार्केट आम्हाला तेच एक होतं.

2019 ला तिथली संत्र्यावरची आयात ड्युटी किलोला 20 रुपये होती, ती दरवर्षी चढत चढत 2023 पर्यंत 88 वर गेली. इकडे आपण 2019 च्या सप्टेंबरात कांद्याची निर्यात बंद केली, 2020 ला परत बंद, ट्रक सीमेवर उभे राहून कांदा सडला, मग 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के शुल्क आणि डिसेंबरात पुन्हा बंदी. 2019 च्या नोव्हेंबरात तिकडे कांदा किलोला 200 टाकांच्या (तिकडचं चलन) वर गेला होता, म्हणजे तिथल्या बायकांनी काय शिव्या घातल्या असतील आपल्याला! आमच्या शेजारचे काका तेव्हापासून एकच सांगतात, "कांदा आपण अडवला म्हून त्याईनं संत्रा अडवला, भांडण कांद्याचं अन् मार संत्र्याले." तसंच झालं याचा कागद कुणाकडे नाही, पण आमच्या चौकात सगळे हेच मानतात. मलाही ते खरं वाटतं.

2023 चा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलून दिवाळीच्या सुमारास निघणारं पीक, मी विसरणार नाही. इसार देऊन बसलेला व्यापारी तोडायलाच येईना, फोन उचलेना, आणि संत्रा काही थांबत नाही, पिकला की गळतो. रोज सकाळी झाडाखाली पिवळा सडा. शेवटी निम्म्याहून कमी भावात दुसऱ्याला दिला, चुरी, म्हणजे बारीक फळ, तर कुणी विचारलीच नाही. राज्य सरकारनं बांगलादेशाच्या त्या ड्युटीतली निम्मी रक्कम अनुदान म्हणून द्यायचं जाहीर केलं ते डिसेंबरात, आमचा माल तोवर गेलेला.

एवढं होऊनही बाबांच्या तोंडून तिकडच्या माणसांबद्दल मी कधी वाईट ऐकलं नाही. "ते खात होते म्हून तू शिकली," म्हणतात. आणि खरंच आहे ते, माझी इंजिनिअरिंगची फी ढाक्याच्या बाजारातूनच आलीय. म्हणून ग्रुपवरच्या त्या मेसेजचा मला राग आला, मी लिहिलंही तिथे की तुमच्या धड्याची फी आमच्या बगीच्यातून जाते, कुणी उत्तर दिलं नाही.

काकांनी या उन्हाळ्यात चार ओळी झाडं काढली. बाबांनी मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलासाठी, बगीचा ताणावर सोडलाय, पाणी तोडलंय. पाऊस वेळेवर आला तर फूल धरेल आणि माल निघेल फेब्रुवारी-मार्चला. काल पुन्हा फोन केला तर बांगलादेशचा विषयच काढला नाही त्यांनी, आभाळ कसं आहे तेच सांगत होते.