तरंगत्या क्रेनवरचे दोन दिवस

गोदीत क्रेन चालताना इतक्यांदा पाहिल्या होत्या, की नांगरावरच्या जहाजाचा कोळसा उतरवताना हजर राहायचं काम आलं तेव्हा दोन दिवस निवांत जातील असंच वाटलं. जहाज पॅनमॅक्स, म्हणजे पनामा कालव्याच्या जुन्या मापात बसणारं मोठं मालवाहू, पण स्वतःच्या क्रेन नसलेलं. पूर्ण भाराने ते नदीच्या मुखावरचा उथळ पट्टा ओलांडू शकत नव्हतं. काही माल बाहेरच तरंगत्या क्रेनने बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू तराफ्यात काढायचा आणि हलकं झालेलं जहाज भरतीला आत न्यायचं, असा बेत होता.

निवांतपणा दोरशिडीपाशीच संपला. लाँच, म्हणजे आपल्याला जहाजाशी नेणारी छोटी बोट, लाटेच्या माथ्यावर असताना शिडीवर पाय ठेवायचा. ती खाली असताना ठेवलात, तर पुढची लाट तिला तुमच्या पायांवर आणते. सॅक पाठीवर नको, दोरीने वर पाठवा.

जहाजाला लागून क्रेनचा पाँटून, म्हणजे ती जिच्यावर उभी असते तो तरंगता सपाट तराफा, मध्ये धक्का झेलणारे रबरी फेंडर, पाँटूनच्या पलीकडे बार्ज. भरलेला ग्रॅब, म्हणजे कोळसा उचलणारा पंजा, घेऊन बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, बार्जकडे वळली की अख्खा पाँटून त्या बाजूला किंचित कलतो. कलला की बूमचं टोक आणखी बाहेर जातं, आणि भार जितका लांब तितकी क्रेनची ताकद कमी. म्हणून किनाऱ्यावरच्या क्रेनचा लोड चार्ट, म्हणजे किती लांबवर किती भार उचलायचा याचा तक्ता, इथे उपयोगाचा नाही. कल आणि लाट धरून केलेला वेगळा तक्ता लागतो. केबिनमध्ये गेलात तर तो आधी बघा. झुलता ग्रॅब इतका अलगद कसा थांबवता, असं मी चालकाला विचारलं. ‘‘मॅडम, ग्रॅब मी थांबवत नाही. बूम त्याच्या डोक्यावर नेतो.’’ मग तासभर मी तेवढंच बघत बसले.

खरं तर बघायला हवी होती बार्ज. माल एकाच टोकाला ओतला तर ती त्या टोकाला बुडते आणि सांगाड्यावर ताण येतो, म्हणून बार्जचा सारंग, म्हणजे तिच्यावरचा मुख्य खलाशी, तिला दोरांवर पुढेमागे सरकवत थरांनी भरून घेत होता. भरलेली सोडून रिकामी लावेपर्यंत क्रेन गप्प. क्रेन ताशी किती टन काढते हा आकडा सगळे विचारतात. बार्ज बदलायला किती वेळ जातो ते विचारा. आणि पहिल्या दिवसाच्या वेगावरून शेवटचा दिवस ठरवू नका. जहाजाचा खण, म्हणजे मालाची कोठी, तळाला आला की ग्रॅबला कोळसा सापडत नाही. आत लोडर उतरवून ढीग करावे लागतात.

खणात वाकून बघायचा मोह आवरा. कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो, मिथेनही सोडतो. आतली हवा तपासून परवानगी मिळाल्याशिवाय खणाच्या शिडीवर पाय नको.

जहाज किती बुडालंय (ड्राफ्ट) आणि पाणी किती घन आहे यावरून मालाचं वजन काढतात तो ड्राफ्ट सर्व्हे; माझी चूक त्यात झाली. पाण्याचा नमुना सकाळी घेतला आणि ड्राफ्टचे आकडे दुपारी वाचले. मधल्या वेळात ओहोटी लागून नदीचं पाणी आलं होतं. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण 1.025, गोड्याची 1.000, जहाजाचं माल आणि टाक्यांतलं पाणी धरून एकूण वजन 60,000 टन भरत असेल, तर घनतेत 0.010 ची चूक म्हणजे सुमारे 600 टनांचा घोळ. सर्व्हेअर हसला आणि सगळं पुन्हा करायला लावलं. नमुना आकडे वाचतानाच घ्या, आणि तोही वरवरच्या पाण्याचा नको. आकडे पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना, असे सहा ठिकाणी वाचायचे; समुद्राकडच्या बाजूसाठी लाँच आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी उतरायला गेले तर शिडी बदलायचं काम चाललेलं. माल कमी होतो तसं जहाज वर येतं: पॅनमॅक्सच्या बाबतीत दर 65 ते 70 टनांमागे साधारण एक सेंटीमीटर. आमचं दीड मीटर वर आलं होतं. पाण्यापासून चढउतार नऊ मीटरपेक्षा जास्त झाली की पायलटसाठी, म्हणजे जहाज बंदरात नेणाऱ्या वाटाड्यासाठी, नुसती दोरशिडी चालत नाही, जोडीला तिरका जिना लावावा लागतो. तो लावेपर्यंत लाँच तीन फेऱ्या मारून आली, तेव्हा परतीची वेळ जरा सैल ठेवा.